ट्रॅकसाठी गाडी: बीएमडब्ल्यू एम३४०आय, एम२ की आहे तीच ऑक्टाव्हिया आरएस? (नागपूरहून)

वर्धारोडवाला (धागाकर्ता)

मंडळी, दिवाळीपासून एकच प्रश्न मनात घोळतोय. घरी बोलून झालं, मित्रांशी बोलून झालं. आता इथे विचारतो, कारण इथे ट्रॅकवर स्वतः गाडी चालवलेले लोक आहेत.

माझ्याकडे २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे. भारतात दोनशेच आल्या होत्या, त्यातली एक एमएच ३१ च्या पाटीवर फिरते याचा मला आजही आनंद आहे. २४५ पीएस (अश्वशक्तीच म्हणा), ३७० न्यूटन-मीटर, ताकद पुढच्या चाकांना, वजन साधारण साडेचौदाशे किलो. ही गाडी घेऊन मी दोनदा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन आलो. १९९० पासूनचा, ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक. आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. आपल्याकडून साधारण अकराशे किलोमीटर. पहाटे चारला निघायचं, हैदराबाद ओलांडून कुठेतरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचं. तिसऱ्या दिवशी ट्रॅक, चौथ्या दिवशी परतीचा रस्ता. नागपूरकराला ट्रॅक म्हणजे हा चार-पाच दिवसांचा संसार आहे.

पहिल्या वेळी जे झालं ते सांगतो, कारण प्रश्न तिथूनच सुरू झाला. चौथ्या लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) सरळ पट्टा संपता संपता ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल मऊ लागलं. वाटलं, भास असेल. पाचव्या लॅपला ते जवळजवळ तळाला टेकलं. भराभर तीनदा पंप केलं तेव्हा कुठे गाडी आवरली, पण तोवर उजवीकडची दोन्ही चाकं मातीत गेली होती. हात थरथरत होते, हे लिहायला मला संकोच नाही. निघायच्या आधी सर्व्हिसला ब्रेक ऑइल बदलायला सांगितलं होतं, बिलावर तशी ओळही होती. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवतात तिथे) ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, तर आत बिनदुधाच्या चहासारखं काळपट तेल. ते बदललंच नव्हतं. मी विश्वास ठेवला, झाकण उघडून बघितलं नाही, ही माझीही चूक.

दुसऱ्या वेळी तेल स्वतः उभं राहून बदलून घेतलं. दिवस छान गेला. पण मागून एक एम३४०आय आली आणि सरळ पट्ट्यावर अशी निघून गेली की मी बघतच राहिलो. तेव्हापासून मनात तेच आहे.

तर पर्याय असे:

बीएमडब्ल्यू एम३४०आय, वापरलेली. चार दारं, तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, २०२१ च्या गाडीत ३८७ अश्वशक्ती, ताकद चारही चाकांना.

बीएमडब्ल्यू एम२. दोन दारं, मागच्या चाकांना ताकद. २०२३ ला आली तेव्हा ४६० अश्वशक्ती, आता ४८०. मॅन्युअल गिअरही मिळतो. यासाठी खिसा बराच ताणावा लागेल.

ऑडी आरएस५ आणि एएमजी सी४३ पण बघतोय, पण मन वरच्या दोनात आहे. आणि तिसरा पर्याय म्हणजे आहे तीच आरएस ठेवून तिच्यावर खर्च करायचा.

गाडी ट्रॅकवर चालवूनच न्यायची आणि चालवूनच घरी आणायची आहे. ट्रेलर परवडणार नाही. वर्षाला दोन ट्रॅक-दिवस (ट्रॅकवर आपली गाडी चालवायला मिळते ते दिवस), जास्तीत जास्त तीन. काय करू?

तर्रीपोहे

भाऊ, एम२. विचारूच नका. मॅन्युअल घ्या. मागच्या चाकांची गाडी ट्रॅकवर काय बोलते ते पुढच्या चाकांची कधीच बोलणार नाही. पेडलवरून नाक कुठे न्यायचं ते ठरवता येते. आपल्या इकडे अशी गाडी घेणारा माणूस विरळा, घेऊन राहिले असाल तर मनापासून घ्या.

मद्रासचा_नागपूरकर

मी मूळचा धंतोलीचा, सध्या चेन्नईत. या ट्रॅकवर माझे बरेच रविवार गेले आहेत. तुमची मऊ पेडलची गोष्ट वाचून अंगावर काटा आला, कारण मीही त्यातून गेलोय. थोडं हिशोबाने बोलू या.

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. तुमची आरएस, तुमच्यासकट धरा १५३० किलो. सरळ पट्ट्याच्या शेवटी १८० वर आहात आणि वळणासाठी ८० वर यायचं आहे. हिशोब केला तर साधारण १.५ मेगाज्यूल उष्णता चार ब्रेक डिस्कमध्ये (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्यांत) जाते. आता एम३४०आय घ्या. चालकासकट १८३० किलो, आणि ताकद जास्त म्हणून त्याच ठिकाणी ती २०० वर पोचली असं समजा. तिथून ८० वर आणायला साधारण २.४ मेगाज्यूल. वेग फक्त वीसने वाढला, वजन तीनशे किलोने वाढलं, आणि डिस्कवरचा भार दीडपटीच्या वर गेला. तो प्रत्येक लॅपला, प्रत्येक मोठ्या वळणाला.

म्हणून तुमच्यापुढून जी एम३४०आय गेली, ती पुढच्या चार लॅपमध्ये कुठे होती ते आठवून बघा. मी पाहिलेल्या बहुतेक जड सेडान तीन लॅप जोरात मारतात आणि मग दोन लॅप गार होत फिरतात. इंजिनाचा दोष नाही. ते इंजिन अफाट आहे आणि रस्त्यावर त्या गाडीला तोड नाही. पण ती मुळात वेगवान रस्त्याची गाडी आहे. ट्रॅक तिला जमतो, पण तिथे ती स्वतःच्या वजनाशी भांडत राहते.

एम२ ची गोष्ट वेगळी आहे. वजनाने तीही सतराशेच्या घरात, म्हणजे हलकी अजिबात नाही. पण पुढे सहा पिस्टनचे कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे), ३८० मिलिमीटरच्या डिस्क, तेल-पाणी गार ठेवायची व्यवस्था मोठ्या एम गाड्यांची. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७४७ मिलिमीटर; एम३४०आय ज्या तीन सिरीजची आहे तिचा २८५१. वळणात हे दहा सेंटिमीटर कमरेला कळतात. गाडी तुमच्याभोवती फिरते, तुम्ही तिच्या मागे फरपटत जात नाही. दोन दारांची कूपे आणि चार दारांची सेडान यातला खरा फरक इथे आहे, दारांच्या संख्येत नाही.

पण इरुंगट्टुकोट्टईला एम२ पुरती ताणता येत नाही, हेही सांगतो. तिच्यासाठी ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. ५.१२५ किलोमीटर, सोळा वळणं, आणि एक सरळ पट्टा किलोमीटरच्या वर. वर्षातले दोन्ही दिवस ग्रेटर नोएडाला जाणार असाल तर एम२ चा विचार करा. चेन्नईलाच येणार असाल तर आरएस तुमच्यापेक्षा अजून बरीच पुढे आहे. रागावू नका, आपुलकीने सांगतोय. दोन ट्रॅक-दिवसांत कुणाचीच गाडी संपत नाही.

वर्धारोडवाला

रागावायचं काय त्यात. त्या एम३४०आय ची गोष्ट तंतोतंत आहे. दुपारच्या सत्रात ती मला पिटमध्येच दिसली, बॉनेट उघडं टाकून, चाकांतून जळक्या पॅडचा वास येत होता. तेव्हा मी त्याकडे लक्षच दिलं नाही. डोळ्यांसमोर फक्त तो सरळ पट्टा होता.

हिंगणा_गॅरेज

मी गाड्या दुरुस्त करतो, लिहायची सवय नाही. पण ब्रेकचं नाव निघालं म्हणून लिहून राहिलो.

पेडल मऊ होणं आणि ब्रेक न लागणं हे दोन आजार वेगळे आहेत. लोक दोन्हीले एकच समजतात. पेडल मऊ झालं, खाली गेलं, म्हणजे ऑइल उकळलं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे. ऑइल दबत नाही, बुडबुडा दबतो. म्हणून पाय खाली जाते अन् गाडी थांबत नाही. दुसरा आजार, पेडल दगडासारखं कडक पण गाडी घसरत चालली. तो पॅडचा. पॅड त्याच्या तापमानाच्या बाहेर गेला. पहिल्याले ऑइल बदला, दुसऱ्याले पॅड. उलटं केलं तर पैसे गेले.

आता ऑइल. डॉट ४, ५.१ ही ब्रेक ऑइलची प्रत. डॉट ४ चं नवीन ऑइल कमीत कमी २३० डिग्रीले उकळते. तेच ऑइल हवेतलं पाणी पिते. पाणी प्यायलेल्या डॉट ४ ची कमीत कमी हद्द १५५ आहे. म्हणजे पंचाहत्तर डिग्री गेले. डॉट ५.१ घेतलं तर नवीन २६० अन् जुनं १८०. ट्रॅकसाठी वेगळे डॉट ४ येतात, ते तीनशेच्या वर जातात, पण ते सहा महिन्यांनी, निदान दर ट्रॅक-दिवसाच्या आधी बदलाच. अन् उघडलेली बाटली ठेवू नका. पावसाळ्यात अर्धी बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी तीच टाकणारे पाहिले आहेत मी. सीलबंद बाटली, तुमच्या डोळ्यांसमोर उघडलेली, तीच टाका.

अजून एक. सत्र संपलं की पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कवर तसाच दाबून ठेवला तर तिथे त्याचा थर बसते, मग घरी येईपर्यंत स्टिअरिंग थरथरते. गाडी पी मध्ये ठेवा, चाकाखाली वीट लावा. शेवटचा लॅप ब्रेक न वापरता हळू मारा.

माझं मत विचाराल तर आरएस ठेवा. तिचे पॅड, डिस्क इथे कोणीही बदलून देईन. एम२ चं काही निघालं तर नागपुरात थांबून राहावं लागते.

बुटीबोरीची

दादा, मी व्हर्टस जीटी चालवते. १.५ टीएसआय, १५० पीएस, मागे ड्रम ब्रेक. तुमच्या यादीपुढे लहान गाडी आहे, पण मी ती कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर दोनदा आणि चेन्नईला एकदा नेली आहे. करी लहान आहे, २.१ किलोमीटर, आणि तिथे ताकदीपेक्षा लय सापडणं जास्त लागतं. मी तिथेच शिकले की मी प्रत्येक वळणात लवकर आत वळते. कमी ताकदीच्या गाडीत ही चूक लपत नाही, बाहेर पडताना वेग मेलेला दिसतो. चारशे अश्वशक्ती असती तर मी ती चूक पेडल दाबून झाकली असती आणि मला वाटलं असतं की मी छान चालवते.

पण मला लिहायचंय टायरबद्दल, कारण इथे सगळे ब्रेकवर बोलतायत आणि नागपूरकराला टायर जास्त महाग पडू शकतो.

चेन्नईला सकाळी गार टायरमध्ये ३४ पीएसआय हवा होती. चार लॅपनंतर ४२. टायर फुगतो, मधला पट्टा फक्त टेकतो, पकड जाते. म्हणून सगळे तापलेल्या टायरमधली हवा काढतात, मीही काढली, ३६ वर आणली. बरोबरच आहे ते. संध्याकाळी सामान भरलं, मैत्रीण शेजारी, आणि आम्ही निघालो. नेल्लोरच्या आधी चहाला थांबलो तेव्हा सहज मीटर लावून बघितलं. पुढच्या दोन्ही टायरमध्ये २९ च्या खाली. ट्रॅकवर गरम असताना जी ३६ होती ती गार झाल्यावर इतकीच उरणार, हे गणित मला तिथे पंपावर उभं राहून कळलं. कमी हवा, भरलेली गाडी, ताशी शंभरचा वेग, आणि पुढे तेलंगणा-विदर्भाचा मे महिना. बाजू सतत वाकत राहते, आतून तापते, आणि एका क्षणी टायर फुटतो. समृद्धीवर टायर फुटून काय होतं ते आपण सगळ्यांनी वाचलंय.

तेव्हापासून डिकीत हवेचा छोटा पंप आणि चांगला मीटर असतो. गेटच्या बाहेर पडायच्या आधी हवा भरते. कोणतीही गाडी घ्या, पण हे एवढं माझ्यासाठी करा.

पुण्याचा_एक

आरएस५ बद्दल कुणी बोललं नाही म्हणून. गाडी देखणी, २.९ लिटरचं व्ही६, ४५० पीएस, ६०० न्यूटन-मीटर. पण इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकलेलं आहे. मोठ्या वळणात नाक सरळ जायला बघतं आणि पुढच्या टायरचे खांदे (बाहेरच्या कडा) एका दिवसात घासले जातात. मित्राच्या गाडीचे बघितलेत. सी४३ मध्ये दोन लिटरच्या चार सिलिंडरमधून ४०८ अश्वशक्ती काढली आहे, मागची चाकंही थोडी वळतात, वळणात घुसायला ती चपळ आहे. पण मला तिच्यात सहा सिलिंडरची ओढ मिळाली नाही. हे माझं मत.

एक महत्त्वाचं. पॉलिसीचा कागद काढून ‘वापराच्या मर्यादा’ वाचा. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर भिंतीला लागलात तर खर्च तुमचा. म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही गाडी उद्या ट्रॅकवर गेली, तर मला ती परत उभी करता येईल का? नसेल तर ती गाडी ट्रॅकवर न्यायची नाही. त्या भीतीने पाय आखडतो आणि शिकणं थांबतं.

सदरचा_पोरगा

दादा, एवढ्या लांब चेन्नईला कशाला? सकाळी पाचला समृद्धी मोकळीच असते. मी मित्रांना तिथे ताणताना बघितलंय.

वर्धारोडवाला

बाळा, नाही. तुझ्या वयाचा असताना मीही आउटर रिंग रोडवर असले प्रकार केलेत आणि आज त्याची लाज वाटते. समृद्धीवर कारला १२० ची हद्द आहे. ट्रॅकवर माझी दोन चाकं मातीत गेली तेव्हा समोर कुणी नव्हतं, मार्शल झेंडा घेऊन उभा होता, रुग्णवाहिका पिटमध्ये होती. तीच पाचवी लॅप समृद्धीवर असती तर समोर शिर्डीहून परतणारं एखादं कुटुंब असतं. तुला खरंच शिकायचं असेल तर पुढच्या वेळी माझ्याबरोबर चल. हेल्मेट मी देतो, येण्याजाण्याचं मी बघतो. पण हे रस्त्यावरचं थांबव.

सदरचा_पोरगा

येतो दादा. खरंच येतो.

मद्रासचा_नागपूरकर

हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद आहे. पोरगा आला तर त्याची राहण्याची सोय माझ्याकडे.

वर्धारोडवाला

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. मधल्या काळात दोन गोष्टी प्रत्यक्ष करून बघितल्या, त्या सांगतो.

एका परिचितांची एम२ थोडा वेळ चालवायला मिळाली. तर्रीपोहे, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना ती मागून जशी ढकलते, तसं मी आजवर अनुभवलं नव्हतं. परत आल्यावर आईला सहज मागे बसायला सांगितलं. पुढची सीट सरकवली, दार जितकं लांब तितकं ते पार्किंगमध्ये उघडेना. आईने एक पाय आत घातला, गुडघा धरला, आणि म्हणाली, “बेटा, मी पुढेच बसते, तुझ्या बायकोला मागे बसव.” बायको हसली, पण मला उत्तर मिळालं होतं. आमच्या घरात ही गाडी फक्त माझी राहील, आणि एवढा पैसा एकट्यासाठी अडकवायला मन घेत नाही.

दुसरी गोष्ट टायरची. एम२ ला पुढे २७५ आणि मागे २८५, एम३४०आय ला पुढे २२५ आणि मागे २५५. म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे करता येत नाहीत. आरएस ला चारही सारखे. पुढचे खांदे घासले की मागे टाकले, परतीच्या रस्त्याला पुढे चांगले टायर. आणि ताईंचा प्रतिसाद वाचून काल मागच्या सीट पाडल्या आणि मोजून बघितलं: जुन्या चाकांचा पूर्ण संच, चारही, रिमसकट, आत बसतो. मागचं दार काचेसकट वर उघडतं म्हणून. वर हेल्मेटची पिशवी, जॅक, टॉर्क पाना आणि हवेचा पंप. म्हणजे ट्रॅकचे टायर वेगळे, घरी यायचे टायर वेगळे. बीएमडब्ल्यूच्या दोन्ही डिकींत हे जमणार नाही.

तर गाडी बदलत नाही. निदान यंदा नाही. पॅड चांगल्या दर्जाचे घेतले आहेत, पुढच्या डिस्क नव्या, तापमान सोसणारं ब्रेक ऑइल दोन सीलबंद बाटल्या, आणि उरलेल्या पैशातून दोन्ही दिवस शेजारी प्रशिक्षक बसवायचा. ती एम३४०आय पुन्हा मागून आली तर तिला हात दाखवून पुढे जाऊ देईन आणि सातव्या लॅपला ती कुठे आहे ते बघेन.

तर्रीपोहे

मन तर मोडलं माझं, पण आईचं ऐकून चांगलं केलं भाऊ. एम२ पुन्हा केव्हातरी.

हिंगणा_गॅरेज

निघायच्या आधीच्या शनिवारी सकाळी आणा गाडी. बाटल्या फोडू नका, तशाच आणा. चारही चाकांचं जुनं ऑइल काचेच्या बरणीत काढून तुमच्या हातात देतो. अन् त्या पोरालेही आणा सोबत, पेडल दाबाले एक माणूस लागतेच.

वर्धारोडवाला

शनिवारी आठला येतो. दोघंही येतो.